क्लुशिनोच्या सुताराचा पोरगा

१९६१ सालच्या एप्रिल महिन्यात युरी गागारिन पृथ्वीभोवती एक फेरी मारून खाली आला, आणि रशियाबाहेरच्या काही वर्तमानपत्रांनी लगोलग त्याचं कूळ शोधून काढलं. झारच्या काळी रशियात गागारिन नावाचं एक सरदार घराणं होतं. मोठ्या जमीनजुमल्याचं, नावाला 'प्रिन्स' लावणारं. हा गडी त्याच घराण्यातला कुणी नातू-पणतू असणार, असं छापून आलं. पुढं पत्रकारांनी त्याला समोरासमोर विचारलं, तेव्हा त्यानं सांगून टाकलं की आपल्या नात्यागोत्यात कुणी राजपुत्र नाही.

मला ह्या गोष्टीचं नवल वाटत नाही. आपल्याकडंही एखाद्याचं पोरगं कलेक्टर झालं की पारावर बसलेले म्हणतात, "मूळचं घराणंच मोठं असंल." सुताराचं पोरगं आकाशात जाईल, हे माणसाच्या मनाला पटकन पटत नाही.

आता खरी हकिगत सांगतो. मॉस्कोच्या पश्चिमेला स्मोलेन्स्क प्रांतात क्लुशिनो नावाचं एक खेडं आहे. तिथं ९ मार्च १९३४ रोजी युरीचा जन्म झाला. बाप अलेक्सेई इवानोविच, सुतार. आई आन्ना तिमोफेयेव्हना, सामुदायिक शेतीवर गुरांकडं, दूध काढायला. थोरला भाऊ वालेन्तिन, मग बहीण झोया, मग युरी आणि शेंडेफळ बोरिस. घर बापानं स्वतःच्या हातानं उभारलेलं, लाकडी ओंडक्यांचं. बापाच्या एका पायात लंगड होती, पण हातात कसब होतं. करवत, वाकस, रंधा ह्यावर त्या घराचा संसार चालायचा.

सामुदायिक शेतीबद्दल इथं थोडं बोललं पाहिजे, कारण आम्ही लहान असताना ह्या शेतीची फार गोड चित्रं बघितली. मी पानशेत फुटलं त्या सालचा, म्हणजे १९६१ चा. गागारिन उडाला तेही सालच. आमच्या वाचनालयात 'सोव्हिएत देश' यायचा. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, गव्हाच्या राशी आणि हसणाऱ्या बाया. वाचून झाला की त्याची पानं आम्ही वह्या-पुस्तकांना कव्हर घालायला न्यायचो. माझ्या भूगोलाच्या पुस्तकावर वर्षभर एक ट्रॅक्टर होता. पण त्या फोटोंच्या मागं काय होतं ते नंतर मोठेपणी वाचलं. १९२९ पासून तिथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी आणि जनावरं सामुदायिक शेतीत जमा करून घेतली. ज्यानं कुरकुर केली त्याला घरदार सोडायला लावून दूर देशोधडीला पाठवलं. १९३२-३३ ला युक्रेनसह कितीतरी भागांत दुष्काळ पडला, त्यात लाखो माणसं मेली. धान्य पिकवणारीच माणसं उपाशी मेली. १९३२ मध्ये देशातल्या देशात फिरायला पासपोर्ट लागू झाला, आणि सामुदायिक शेतीवरच्या माणसाला तो द्यायचाच नाही असं ठरलं. म्हणजे गाव सोडून शहरात जाऊन राहायचं तर कागद नाही. हा कागद त्यांनाही द्यायचा असं ठरायला १९७४ साल उजाडलं. शेतकरी म्हणून मला ही गोष्ट सगळ्यात जास्त टोचते. आपल्याकडं गरिबाला कुणी विचारत नाही हे खरं, पण एसटीत बसून मुंबईला जाण्यापासून त्याला कुणी अडवत नाही.

तर अशा गावात युरी १ सप्टेंबर १९४१ ला पहिलीत बसला. त्या वेळी हिटलरचं सैन्य रशियात घुसून दोन महिने होऊन गेले होते. ऑक्टोबरात जर्मन क्लुशिनोत आले. शाळा बंद झाली. गागारिनांचं घर जर्मनांनी ताब्यात घेतलं आणि तिथं दुरुस्तीचं वर्कशॉप घातलं. घरच्या माणसांनी मागच्या बाजूला जमिनीत खड्डा खणला, वर लाकडं आणि माती टाकली आणि त्यात राहू लागले. आपल्याकडं पूर्वी ज्वारी ठेवायला पेव असायचं, ते डोळ्यांपुढं आणा. लांबी-रुंदी साधारण तीन-तीन मीटर. त्यात सहा माणसं आणि बाहेर रशियातला हिवाळा.

एक जर्मन शिपाई होता. गावातली पोरं त्याला सैतान म्हणायची. त्यानं एकदा पाच वर्षांच्या बोरिसला त्याच्याच गळ्यातल्या मफलरनं सफरचंदाच्या झाडाला टांगलं. आई धावली. शिपाई बाजूला झाल्यावर तिनं पोराला खाली घेतलं. तो वाचला, पण बरेच दिवस त्याला नीट चालता येत नव्हतं. सात-आठ वर्षांचा युरी हे सगळं बघत होता. मग ही पोरं रस्त्यावर काचांचे तुकडे टाकून ठेवायची, गाड्यांच्या धुराड्यात माती कोंबायची. ही त्यांची लढाई.

१९४३ च्या सुरुवातीला जर्मन मागं हटायला लागले, तेव्हा जाता जाता गावातली तरणी पोरं-पोरी कामाला म्हणून हाकत घेऊन गेले. त्यात वालेन्तिन आणि झोया गेली. मार्चमध्ये गाव सुटलं, पण ती दोघं कुठं आहेत, जिवंत आहेत का, ह्याचा पत्ता नाही. आईबापांनी आशा सोडली होती. दोघंही वाटेत निसटून आपल्या सैन्याला जाऊन मिळाली होती, पण घरी यायला लढाई संपावी लागली.

विमान त्यानं पहिल्यांदा जवळून पाहिलं ते ह्याच काळात. जर्मन गावात यायच्या थोडं आधी एक रशियन लढाऊ विमान मार खाऊन गावाजवळच्या पाणथळ जागेत उतरलं. वैमानिकाला सोडवायला दुसरं विमान आलं. गावची पोरं तिकडं पळाली. कुणी दूध नेलं, कुणी भाकरतुकडा. वैमानिकांनी पोरांना चॉकलेट दिलं आणि विमानाजवळ येऊ दिलं. पेट्रोलचा वास, पत्र्याला पडलेली भोकं, चामड्याचा कोट. लहानपणी डोळ्यांत भरलेली अशी एक गोष्ट माणसाला आयुष्यभर पुरते. मला तरी तसा अनुभव आहे. आमच्या शेतावरून हेलिकॉप्टर गेलं की औत सोडून आम्ही बांधाबांधानं पळायचो.

लढाई संपली. बापानं काय करावं? क्लुशिनोतलं घर ओंडक्याओंडक्यानं सुटं केलं आणि जवळच्या ग्झात्स्क नावाच्या छोट्या शहरात नेऊन पुन्हा उभं केलं. सुताराला घर सोडून जावं लागत नाही, तो ते बरोबर नेतो. शाळेला इमारत धड नव्हती, पुस्तकं नव्हती. वाचायला शिकायचं ते सैन्याच्या जुन्या नियमपुस्तकावर, आणि आकडेमोडीला काडतुसांची रिकामी नळकांडी. ह्या शाळेत लेव बेस्पालोव नावाचे मास्तर पदार्थविज्ञान शिकवायचे. ते युद्धात हवाई दलात होते. त्यांनी पोरांकडून विमानाचा छोटा नमुना करून घेतला. चांगला मास्तर भेटणं हे नशीबच, पण ते मास्तर त्या शाळेत आले कसे ते बघा. युद्ध संपलं म्हणून सैन्यातला माणूस खेड्यातल्या शाळेत आला.

१९४९ साली सहावी झाल्यावर युरीनं शाळा सोडायचं ठरवलं. घरात खाणारी तोंडं जास्त आणि कमावणारे हात थोडे. आईची इच्छा होती की पोरानं शिकावं. पण पोरगं मॉस्कोला चुलत्याकडं गेलं आणि ल्युबेर्त्सी इथल्या कारखान्याच्या धंदेशिक्षण शाळेत नाव घातलं. त्याला फिटर किंवा टर्नर व्हायचं होतं. त्याला सातवी लागत होती. मग जे मिळालं ते घेतलं, मोल्डर. म्हणजे ओतकाम.

आमच्या कोल्हापूर भागातल्या वाचकांना हे काम वेगळं सांगायला नको. शिरोलीच्या फौंड्र्यांमध्ये आमच्या प्रत्येक गल्लीतला कुणी ना कुणी राबलेला आहे. पेटीत माती ठोकायची, पॅटर्न अलगद उचलायचा, साचा कुठं ढासळला का ते बघायचं आणि मग वितळलेला रस एका धारेनं सोडायचा. मातीत ओल जास्त राहिली की कास्टिंगमध्ये फुगा धरतो आणि सगळी मेहनत भंगारात जाते. अंगावर ठिणग्या उडतात, नाकात काळी माती बसते. आयटीआयमध्येसुद्धा पोरं मोल्डरचा ट्रेड आवडीनं घेत नाहीत. ज्याला दुसरं काही मिळत नाही तो घेतो. पहिला अंतराळवीर ह्या ट्रेडचा होता. हे आमच्या भागात पोरांना कुणी सांगत नाही.

दिवसा भट्टी आणि रात्री कामगारांच्या शाळेत सातवी, असं करून १९५१ ला तो दोन्हीकडं चांगल्या रीतीनं पास झाला. तिथून व्होल्गा नदीकाठच्या सारातोव शहरात औद्योगिक तंत्रशाळेत चार वर्षं. पुन्हा ओतकामच, पण वरच्या दर्जाचं. वरखर्चाला नदीच्या धक्क्यावर हमाली करायचा. आणि ह्याच सारातोवमध्ये १९५४ च्या ऑक्टोबरात त्यानं उड्डाण क्लबात नाव घातलं.

ह्या क्लबावर मी थोडा रेंगाळतो. कामगारांच्या, विद्यार्थ्यांच्या पोरांना विमान शिकवणारे असे क्लब त्या देशात गावोगाव होते आणि पोराला फी पडत नव्हती. आपल्याकडं आज वैमानिकाच्या खाजगी शिक्षणाला किती लाख लागतात ते ऐकलं की सात-बारा आठवतो. पण ते काही दानधर्म म्हणून नव्हतं. सरकारला युद्धासाठी वैमानिक हवे होते. जर्मनांच्या लढाईत हजारो गेले होते आणि आता अमेरिकेशी वाकडं होतं. म्हणून सरकारनं शिडी लावली. ज्या सरकारनं खेड्यातल्या माणसाचा पासपोर्ट दाबून धरला, त्याच सरकारनं खेड्यातल्या पोराला विमानात बसवलं. दोन्ही खरं आहे. एकच सांगणारे लोक मला दोन्ही बाजूंचे भेटले आहेत, आणि दोघांशीही माझं जमलं नाही.

तंत्रशाळेचा अभ्यास सांभाळून तो क्लबात जायचा. मार्च १९५५ मध्ये पहिली पॅराशूट उडी मारली. त्याच उन्हाळ्यात याक-१८ ह्या पंख्याच्या विमानात एकट्यानं आकाशात गेला. तंत्रशाळेची पदवीही पहिल्या प्रतीची मिळाली. आता त्याच्यापुढं दोन वाटा होत्या. फौंड्रीत फोरमन व्हायचं, घरी पैसे पाठवायचे, किंवा सैन्यात. १९५५ च्या ऑक्टोबरात तो ओरेनबुर्गच्या लष्करी विमानशाळेत दाखल झाला. त्या वेळी त्या शहराला च्कालोव म्हणत.

इथं गाडी अडली. तो सगळ्यात हुशार होता, कवायतीत चोख होता, पण विमान खाली उतरवताना त्याचं चुकायचं. उतरणं हेच वैमानिकाचं खरं काम, असं जाणकार सांगतात. जमीन जवळ आली की नेमक्या उंचीवर नाक वर घ्यावं लागतं. थोडं आधी घेतलं तर विमान धपकन आपटतं, थोडं उशिरा घेतलं तर चाकं मोडतात. हे सगळं डोळ्यांच्या अंदाजावर. त्याला शाळेतून काढून टाकायची वेळ आली. म्हणजे पुन्हा भट्टी. मग वरच्या अधिकाऱ्यानं आणखी एक संधी दिली, आणि शिकवणाऱ्याच्या लक्षात आलं की हा गडी बुटका आहे, पाच फूट दोन इंच. खुर्चीत बसला की त्याला जमिनीऐवजी विमानाचं नाकच जास्त दिसतंय. त्यानं बुडाखाली एक उशी ठेवायला दिली. विमान बरोबर उतरलं.

एका उशीचा प्रश्न होता. मी दहावीनंतर सैन्यभरतीला गेलो होतो. उंची भरली, छाती फुगवून भरली, डोळ्याच्या तक्त्यापाशी परत पाठवलं. परत आलो आणि बापाच्या मागं औत धरलं. त्याचं दुःख आता उरलं नाही, पण माझ्याबरोबर एक पोरगा अर्ध्या इंचानं गेला होता, घोड्यासारखा पळणारा. तो पुढं ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर झाला. त्या रांगेत 'ह्याचं नेमकं कुठं अडतंय' एवढं बघायला थांबणारा कुणी नव्हता. रांगच मोठी होती.

गागारिन पुढं मिग-१५ वर शिकला. मिग हे नाव आपल्याला नाशिकजवळच्या ओझरमुळं ओळखीचं, तिथं पुढची मिग-२१ बनली. नोव्हेंबर १९५७ मध्ये तो लेफ्टनंट होऊन बाहेर पडला. त्याच सुमारास वालेन्तिना गोर्याचेव्हाशी लग्न झालं. ती त्याच शहरातली, वैद्यकीय शाळेत शिकणारी. चांगले गुण मिळवणाऱ्याला नेमणूक सोयीच्या ठिकाणी मागता येते, ह्यानं उत्तरेला नॉर्वेच्या हद्दीजवळ लुओस्तारीला जाणं पत्करलं. तिथं हिवाळ्यात दोन-दोन महिने सूर्य उगवत नाही. अंधारात, बर्फावरून उडायचं आणि बर्फावर उतरायचं. पहिली मुलगी तिथल्या दिवसांतच झाली.

१९५९ च्या शेवटी काही डॉक्टर आणि अधिकारी विमानतळांवर फिरून लढाऊ वैमानिकांना बोलावू लागले. काम काय ते नीट सांगत नव्हते. वय तिशीच्या आत, वजन ७२ किलोच्या आत, उंची बेताची. यानाची जागा लहान, त्यामुळं जी उंची ओरेनबुर्गला नडली तीच इथं कामाला आली. मार्च १९६० पर्यंत वीस जण निवडले गेले, त्यातून सहा. शेवटी दोन नावं राहिली, गागारिन आणि गेर्मान तितोव. तितोव मास्तरांचा मुलगा, पुस्तकं वाचणारा. अंतराळवीरांचे प्रमुख जनरल कामानिन ह्यांनी आपल्या डायरीत लिहिलंय की दोघांत तितोव जास्त कणखर, पण पुढचं उड्डाण पूर्ण दिवसाचं आहे, त्याला तो राखून ठेवावा. ते त्यानं ऑगस्टमध्ये केलंही. ह्याखेरीज सुतार आणि गवळणीचा पोरगा हे सरकारला जगापुढं मिरवायला हवं होतं, असं पुष्कळ अभ्यासक म्हणतात. असेलही. गरिबीचा त्याला आयुष्यात एकदाच फायदा झाला आणि तो सरकारच्याही सोयीचा होता. पण निवडीआधी बरोबरच्या पोरांना विचारलं होतं की तुमच्याशिवाय पहिला कोण जावा, तेव्हा बहुतेकांनी त्याचंच नाव लिहिलं. हेही लक्षात ठेवावं लागतं.

१२ एप्रिल १९६१ चं उड्डाण सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर मी फार लिहीत नाही. मॉस्कोच्या वेळेनं सकाळी ९ वाजून ७ मिनिटांनी निघाला, १०८ मिनिटांत परत. मला जास्त आवडतात ते खालचे प्रसंग.

त्या दिवशी बाप नेहमीसारखा सुतारकामाला चालत निघाला होता. खांद्याला हत्यारं. सांगतात ते असं की वाटेत नदी ओलांडताना नावाड्यानं त्याला विचारलं, रेडिओवर मेजर गागारिन आकाशात गेला म्हणतात, तो तुमचा कोण? म्हातारा म्हणाला, माझा पोरगा मेजर नाही, तो सीनियर लेफ्टनंट आहे. आणि तो पुढं कामावर गेला. बढती उडत असतानाच दिली होती, मधली कॅप्टनची पायरी गाळून. बापाला कुठून कळणार?

आईला थोरल्या सुनेनं पळत येऊन सांगितलं. म्हातारीनं अंगात कोट चढवला आणि थेट रेल्वे स्टेशनचा रस्ता धरला. मॉस्कोला धाकट्या सुनेकडं जायला हवं, ती दोन लहान पोरींना घेऊन एकटी आहे, धाकटी तर महिन्याची. वर गेलेल्याचं काय व्हायचं ते होईल, बाळंतिणीजवळ माणूस पाहिजे.

आणि तो उतरला तो कुठं, तर सारातोवच्याच मुलखात, स्मेलोव्का गावाजवळच्या नांगरलेल्या रानात. सात किलोमीटर उंचीवर तो यानातून वेगळा होऊन पॅराशूटनं खाली आला. ही गोष्ट सरकारनं दहा वर्षं लपवली, कारण विक्रमाच्या नियमात वैमानिक यानातच उतरायला हवा होता. रानात आन्ना ताख्तारोव्हा नावाची बाई नातीला घेऊन बटाटे लावत होती. नारिंगी कपडे, डोक्यावर पांढरं शिरस्त्राण, असा माणूस चालत येताना बघून ती घाबरली आणि नातीला घेऊन मागं सरायला लागली. त्यानं ओरडून सांगितलं की मी आपलाच आहे. मग ट्रॅक्टरवरची माणसं धावत आली. आकाशातून आलेल्या माणसाला पहिल्यांदा भेटली ती लागवडीच्या दिवसांतली माणसं. तिच्या जागी आमची आक्का असती तर तिनं आधी विचारलं असतं, "वाफा तुडवलास का रं बाबा?"

नंतरचं आयुष्य मिरवणुकीत गेलं. देशोदेशी फिरला. त्याच वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात भारतात आला, पंडित नेहरूंना भेटला, मुंबईलाही आला. आमच्या गावचा एक गिरणी कामगार तेव्हा मुंबईत होता. तो सांगायचा, "एवढुसा होता रं, आणि हसायचा." तिकडं घरी पत्रांचा ढीग पडायचा. कुणाला खोली हवी, कुणाच्या पोराला नोकरी. तो लोकप्रतिनिधी होता, जमेल तेवढी पत्रं पुढं सरकवायचा. पण ज्याच्यासाठी एवढं केलं ते उडणं मात्र सुटत गेलं. सरकारला तो जिवंत हवा होता, फोटोत. १९६७ च्या एप्रिलात त्याचा मित्र कोमारोव सोयूझ यान आपटून मेला. त्या उड्डाणाला राखीव माणूस गागारिन होता. त्यानंतर तर त्याला अंतराळात पाठवायचं नावच नको झालं.

त्यानं हट्ट धरला की निदान विमान उडवू द्या. १९६८ च्या फेब्रुवारीत अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि पुन्हा मिगवर सराव सुरू केला. २७ मार्च १९६८ ला अनुभवी वैमानिक व्लादिमिर सेर्योगिन ह्यांच्याबरोबर दोन खुर्च्यांच्या मिग-१५ मधून निघाला. हवा ढगाळ होती. काही मिनिटांत विमान जंगलात कोसळलं. दोघंही गेले. चौतीस वर्षांचा होता. कारणावर आजही वाद चालतो.

ग्झात्स्क शहराला त्याच वर्षी गागारिन हे नाव दिलं. बाप १९७३ ला गेला. आई त्याच शहरात १९८४ पर्यंत होती, म्हणजे आपला राकेश शर्मा ज्या साली वर गेला त्या सालापर्यंत. शर्मांनी शिक्षण घेतलं ते मॉस्कोजवळच्या केंद्राचंही नाव गागारिनच. म्हातारीनं आपल्या आठवणी सांगून ठेवल्या, त्याचं पुस्तक निघालं. दारात रोज माणसं यायची, शाळेची पोरं यायची, पत्रं यायची. पत्रावर तिचं नाव, आणि खाली गावाच्या जागी लेकाचं.